ओटूची पुसलेली साक्ष

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि एका मेलेल्या माणसाची साक्ष माझ्याकडून पुसली गेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. शेवटपर्यंत राखून ठेवले असते तर तुम्ही म्हणाला असता, हाही लपवाछपवी करणाऱ्यांतलाच.

मला डोळे नाहीत. मी सांगेन ते सगळे कानांनी कमावलेले आहे. कोणी काय नेसले होते, कोणाचा चेहरा कसा झाला, हे मला अराबाने सांगितले. अराबा एस्सुमन ही इथल्या मानवाधिकार आयोगाच्या दप्तरखान्याची प्रमुख. खोलीत कोणी नसले की ती माझ्याशी बोलते. लोक हसतात. ती हसू देते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका स्क्रू पिळताना गुणगुणत असत, एवढेच तिथले आठवते. मग खोक्यातून, जहाजातून मी तेमा बंदरात उतरलो आणि केप कोस्टच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. माझे शेजारी एकेक करून लग्नाच्या घरांत गेले, केशकर्तनालयांत गेले. मला उचलले एका तरुण वकिलाने.

"घ्या साहेब, यात गाणी काय झकास वाजतात!" दुकानदार म्हणाला.

"गाणी नकोत मला. लोकांच्या तक्रारी टिपायच्यात."

"मग बॅटऱ्या जास्तीच्या घ्या. आपल्याकडच्या तक्रारी गाण्यांपेक्षा लांब असतात."

वकील हसला. त्याचे हसणे आधी नाकातून निघायचे आणि मग खोकल्यासारखे फुटायचे. हजार माणसांत मी ते ओळखले असते. त्याचे नाव एबो अमिसा. माझ्या आयुष्यात मी ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकला तो हा माणूस.

आमच्या समुद्रकाठच्या सहा देशांनी मिळून तेव्हा नुकताच किनारा मानवाधिकार आयोग स्थापन केला होता. कोणा शिपायाने, सैनिकाने, अधिकाऱ्याने माणसावर जुलूम करावा आणि त्याच्या देशात कोणी दाद देऊ नये, असे झाले तर त्याने आमच्याकडे यावे. नाव एवढे मोठे, पण जागा म्हणजे कोकोच्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरातल्या दोन खोल्या. एक टाइपरायटर, तो बडवणारी अराबा, सचिव एबो आणि टेबलावर मी.

आमचा गर्दीचा वार मंगळवार. मंगळवारी आमच्या किनाऱ्यावर कोणी समुद्रात होडी घालत नाही, तो दिवस समुद्राचा. त्यामुळे कोळी मंडळी त्या दिवशी मोकळी असायची आणि जिना चढून आमच्याकडे यायची. एबो खुर्चीत बसत नसे. चटईवर, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसे. पहिल्याच मंगळवारी एक म्हातारा कोळी माझ्यावर असा ओरडला की माझा आवाज मोजणारा काटा थरथरला.

"एज्या, जरा हळू. तो बहिरा नाही," एबो म्हणाला. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे एज्या म्हणायचे आणि बाईला मामे.

"हळूच बोलतोय की! होडीवर ये, मग दाखवतो मोठ्यानं म्हणजे काय ते."

सगळी खोली हसली. म्हाताराही हसला, आणि हसता हसता त्याच्या पुतण्याला कोठडीत कसे मारले ते सांगू लागला. एबोची ही हातोटी होती. तो माणसाला घाई करत नसे. बोलता बोलता कोणी थांबले, हुंदका आला, की अराबाचा हात बटणाकडे जायचा. एबो तो अडवायचा.

"बंद करू नकोस. गप्प बसणंसुद्धा साक्षच असते."

मित्रांनो, असे वाक्य ऐकल्यावर एखाद्या यंत्राला काय वाटत असेल, याची तुम्हाला कल्पना करता येणार नाही. मला वाटले, मी योग्य घरी आलो.

आयोगाच्या नियमांत एक नियम एबोने स्वतः लिहिला होता. अराबाने तो टाइप केला तेव्हा मी शेजारीच होतो. दर वर्षी जानेवारीतल्या एका मंगळवारी आयोगाच्या अध्यक्षाने अंगणात उभे राहायचे. ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे, आणि अध्यक्षाने उत्तर द्यावे. त्याला 'जबाबाची सभा' म्हणत. पहिले अध्यक्ष दुसऱ्या देशातले एक निवृत्त न्यायाधीश होते, फार थोर गृहस्थ. केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या एका बाईने पहिल्याच सभेत त्यांना घेरले.

"माझा कागद तीन महिने कुणाच्या बुडाखाली आहे, ते सांगा आधी!"

न्यायाधीशांनी घाम पुसला. माझ्या बुडाखाली असेल तर शोधतो, म्हणाले. आठ दिवसांत कागद सापडला, आणि बाईचा नवरा महिन्याभरात घरी आला. त्या दिवशी जिना चढताना एबो अराबाला म्हणाला, "खुर्चीला वर्षातून एकदा कडक ऊन दाखवायचं असतं. नाहीतर वाळवी लागते."

माझे ते दिवस कौतुकाचे होते. माझ्यावर टिपलेल्या साक्षींवरून एका तुरुंगात खटल्यावाचून डांबलेली त्रेचाळीस माणसे सुटली. समारंभ झाला, भाषणे झाली. एबोने मला उचलून सगळ्यांना दाखवले आणि अराबाने माझ्या दांडीला केंटे कापडाची एक रंगीत पट्टी बांधली. ती पट्टी पुढे विरून गेली. मला ती जड वाटत असे. पण खोटे कशाला बोलू, मिरवत होतो मी.

वर्षे गेली. नवी इमारत झाली. एबो आधी आयोगाचा सदस्य झाला आणि मग एके दिवशी अध्यक्ष. अराबाने त्या दिवशी मला पुसूनबिसून लख्ख केले. "आपला एबोभाऊ अध्यक्ष झाला," ती मला म्हणाली, "आता बघ."

आम्ही बघितले, म्हणजे मी ऐकले. त्याच्या रबरी सपातांचा सपसप आवाज गेला आणि कडक टाचांचा आला. चटई गेली. दाराबाहेर माणूस बसला, तो लोकांना नावे विचारू लागला. अराबा त्याला 'भाऊ' म्हणायची ती 'साहेब' म्हणू लागली. कोणी सांगितले नव्हते, आपोआपच जीभ वळली. पहिल्या वर्षी जबाबाची सभा झाली. दुसऱ्या वर्षी अंगणात फरशी बसवायची होती म्हणून पुढे ढकलली. तिसऱ्या वर्षी हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ फार होती.

"धूळ काय, दर जानेवारीत असते," अराबा माझ्यावरची तीच धूळ झटकत म्हणाली. मग स्वतःच त्याची बाजू घेतली, "कामंही किती असतात त्यांना."

मीही मनातल्या मनात त्याची बाजू घेतली. आम्ही दोघेही त्याच्या प्रेमात आंधळे होतो. मी तर जन्माचाच.

आता मूळ गोष्ट. बिरिवा हे केप कोस्टजवळचे कोळ्यांचे गाव. तिथली कितीतरी कुटुंबे माशांच्या मागे किनाऱ्याकिनाऱ्याने शेजारच्या देशांत जातात, पाच-पाच वर्षे तिकडेच वस्ती करून राहतात. अशाच एका वस्तीवर सरहद्दीपलीकडे एका सकाळी गणवेशातली माणसे आली. जागा रिकामी करा म्हणाली. बायका मासे धुरावत होत्या. त्या माणसांनी मातीच्या भट्ट्या लाथांनी फोडल्या, झोपड्या पेटवल्या आणि अकरा पुरुषांना ट्रकमध्ये घालून नेले. त्यांचा पुढे पत्ता लागला नाही. बायका मुलाबाळांना घेऊन पायी सरहद्द ओलांडून घरी आल्या आणि मंगळवारी सरळ आमच्या दाराशी.

त्यांच्या पुढे होती मामे क्वान्सिमा. त्या अकरांत तिचे दोन मुलगे होते. तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ ओटू. ट्रक आला तेव्हा तो उलट्या घातलेल्या होडीखाली डांबर लावत होता, म्हणून वाचला. ट्रकचा क्रमांक, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, ट्रक कुठल्या रस्त्याला वळला, सगळे पाहणारा आणि ऐकणारा तो एकटा.

तिचा आवाज ऐकून एबो स्वतः खोलीबाहेर आला. फार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला त्यानेच सोडवून आणले होते.

"मामे, तुम्ही बाहेर का उभ्या? आत या. अराबा, आपला जुना दोस्त काढ."

जुना दोस्त म्हणजे मी. त्या दिवशी एबो पुन्हा खाली बसला, कडक बुटांसकट. तीन कॅसेटी भरल्या. ओटूचा आवाज खरखरीत होता, दर चार वाक्यांनी तो खोकायचा. तो म्हणाला, "क्रमांक सांगतो, लिहून घ्या. मला वाचता येत नाही, पण आकडे येतात. मासे मोजून आलेत." आणि त्याने क्रमांक दोनदा सांगितला. मग अकरा जणांची नावे सांगितली, प्रत्येकाच्या आईच्या नावासकट. आपल्या भाच्यांची नावे आली तेव्हा तो थांबला. कोणी बटण बंद केले नाही.

"हे मी तडीला नेतो, मामे," एबो म्हणाला. "माझ्यावर सोडा."

ती गेल्यावर त्याने अराबाला सांगितले, "हे एवढ्यात टाइप करू नकोस. नाजूक प्रकरण आहे. फुटलं तर साक्षीदारांच्या जिवावर बेतेल."

अराबाने ऐकले. तिला ते काळजीचेच बोलणे वाटले. तीन कॅसेटींवर नाव आणि तारीख लिहून, नोंदवहीत चढवून तिने त्या कपाटात ठेवल्या.

दोन वर्षे त्या तिथेच राहिल्या. बायका मंगळवारी येत. बाहेरचा माणूस सांगे, अध्यक्ष दौऱ्यावर आहेत, अध्यक्ष बैठकीत आहेत. मग त्या अराबाच्या खोलीत येऊन पाणी पीत. एका मंगळवारी क्वान्सिमा लाल-काळ्या कापडात आली.  शोकाचे ते कापड बघून अराबाला कळले.

"भाऊ गेला," क्वान्सिमा म्हणाली. "छाती भरून आली होती. जाताना मला म्हणाला, तू काळजी करू नकोस, माझं बोलणं एबोकडे जपून आहे."

अराबा त्या दिवशी कपाटासमोर बराच वेळ उभी होती. हात घालून तिने कॅसेटी मोजल्या, परत ठेवल्या. टाइप करायला घेऊ का, असे तिने मलाच विचारले. मी काय उत्तर देणार? आणि साहेबांनी नको म्हटले होते.

मग निवडणूक आली. अध्यक्षाची मुदत संपत होती, त्याला दुसऱ्यांदा उभे राहायचे होते. सहा देशांची सहा मते. तीन देश त्याच्या बाजूने होते, चौथे मत हवे होते. ज्या देशात वस्ती जळली त्याचा मंत्री त्या महिन्यात दोनदा येऊन गेला. दुसऱ्या भेटीनंतर एबोने अराबाला बोलावले, आणि तिला माझ्यासकट यायला सांगितले.

"बिरिवाच्या त्या तीन कॅसेटी आण. आणि कोऱ्या करून टाक."

अराबाला वाटले आपण चुकीचे ऐकले. "कोऱ्या म्हणजे, साहेब?"

"कोऱ्या म्हणजे कोऱ्या. तशाही मरतातच कॅसेटी. हवा दमट आहे आपली."

"मग फेकूनच का देत नाही?"

"नोंदवहीत चढल्यात ना! तपासणीला संख्या भरली पाहिजे. आत काय आहे ते कोण बघतंय?"

"ओटू एज्या वारले, साहेब. दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. यात आहे तेवढंच आहे."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, हेच मला सहन झाले नाही. "तुला नाही जमत? बरं. जा तू. मी करतो."

दार लागले. मित्रांनो, माझ्या पोटात दोन छोटी डोकी आहेत. एक फीत पुसते, दुसरे तिच्यावर नवे लिहिते. दोन्ही एकाच बटणावर चालतात, आणि ते बटण कसे दाबायचे हे एबोनेच कधीकाळी अराबाला शिकवले होते. त्याचा अंगठा मी ओळखत होतो. त्याने पहिली कॅसेट घातली, माझी माइकची तार उपटून काढली आणि बटण दाबले.

मला नाही म्हणता येत नाही. अडकून बसावे, फीत गुंडाळून तोडावी असे वाटले. पण अराबाने मला इतके नीट ठेवले होते की माझ्या चाकांचा एकही दात झिजलेला नव्हता. मी चालत राहिलो. क्वान्सिमाचा आवाज माझ्या एका डोक्याखालून गेला आणि नाहीसा झाला. मग ओटूचा खोकला. मग तो क्रमांक, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा. मग अकरा नावे, अकरा आया. भाच्यांच्या नावांआधी तो थांबला होता ना, ते थांबणेसुद्धा गेले.

साडेचार तास लागले. तोवर एबो पत्रांवर सह्या करत होता, भाजलेल्या केळ्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होता, फोनवर बोलत होता. बाजू संपली की उठून कॅसेट उलटवत होता. संध्याकाळ व्हायच्या आत त्याने दार उघडून अराबाला कॅसेटी दिल्या.

"डाव्या हातानं देताय, साहेब," ती म्हणाली. आमच्याकडे डाव्या हाताने कोणी कोणाला काही देत नाही.  "दमट हवेमुळे खराब, असा शेरा लिही," एवढे सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी अराबाने दार लावून पहिली कॅसेट मला घातली. कुठे तरी एखादे वाक्य उरले असेल, या आशेने. वाक्य उरले नव्हते. पण कॅसेट कोरीही नव्हती. एबो एक गोष्ट विसरला होता. तारेचा माइक काढला की माझ्या अंगातला लहान माइक आपोआप चालू होतो. त्या साडेचार तासांत खोलीत जे जे झाले ते ते मी इमानाने टिपले होते, ओटूच्या साक्षीच्या जागी. शेंगा फुटल्याचे आवाज. कागद उलटल्याचे. आणि तिसऱ्या कॅसेटवर एबोचा फोन.

"...नाही, मंत्रीसाहेब, आता काळजीचं कारण नाही. समोर बसून करतोय. पाहणारा म्हातारा तर केव्हाच गेला. राहिल्या बायका, त्या रडतील आणि थकतील... तुमचं मत तेवढं विसरू नका म्हणजे झालं." आणि मग ते हसणे, आधी नाकातून, मग खोकल्यासारखे.

अराबा खुर्चीत बसली ती तासभर उठली नाही. "मी टाइप केलं असतं तर," ती म्हणाली. "मी गुपचूप टाइप केलं असतं तर."

पुढच्या मंगळवारी तिने रजा टाकली. मला एका मोठ्या पातेल्यात ठेवले, वर कापड झाकले आणि ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या खचाखच भरलेल्या व्हॅनमध्ये, बसून बिरिवाला नेले. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रवास जो मी कामासाठी केला आणि ज्याची मला लाज वाटली. नारळीच्या सावलीत बायका जमल्या. अराबाने काय झाले ते सांगितले, स्वतःची चूकही सांगितली, आणि बटण दाबले.

फोन संपेपर्यंत सगळ्यांनी ऐकले. मग क्वान्सिमा म्हणाली, "हे झालं एबोचं. आता माझ्या भावाचा आवाज लाव."

"नाही, मामे. तो गेला."

"थोडं पुढे कर."

"पुढेही नाही."

"मग मागे कर. मागे असेल."

अराबाने मागे केले. शेंगा फुटत होत्या. क्वान्सिमाने माझ्यावर हात ठेवला. तिच्या हाताला माशांच्या धुराचा खरखरीतपणा होता.  तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

निवडणुकीच्या दिवशी सहा देशांचे प्रतिनिधी सभागृहात बसले होते. नियमाप्रमाणे ती बैठक लोकांना खुली असते. सहसा कोणी येत नाही. त्या दिवशी बिरिवाच्या तीस बायका आल्या. पातेले क्वान्सिमाच्या डोक्यावर होते. तिने मला टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवले.

"मामे, हे काय चाललंय?" एबोचा आवाज. "बैठक चालू आहे."

"तूच शिकवलंस ना आम्हाला? यात बोललं की वरपर्यंत पोचतं म्हणून. पोचवायला आणलंय."

तिला बटण माहीत नव्हते. अराबा पुढे झाली. तिच्या टाचांचा आवाज मी ओळखला.  सभागृहाने तो फोन ऐकला. ते हसणेही ऐकले. त्या मंत्र्याच्या देशाचा प्रतिनिधी उठून बाहेर गेला, त्याची खुर्ची मागे पडली.

एबोने नाकारले नाही. "तुम्हाला काय वाटतं, मी खुर्चीसाठी केलं?" तो म्हणाला. "तो देश आयोगातून बाहेर पडायला निघाला होता. एक गेला की दुसरा जातो. आयोगच राहिला नसता. अकरा माणसांसाठी सगळं घर जाळायचं का? मी आयोग वाचवत होतो."

क्वान्सिमा म्हणाली, "आम्हाला बाहेर ठेवून वाचवलेल्या घरात तू एकटा काय करणार होतास, एबो?"

त्याने टेबलावरचे कागद गोळा केल्याचा आवाज आला.  मी माझ्या बाजूने ऐकत राहिलो. तेव्हाही, मित्रांनो, मला वाटत होते की तो आता खाली बसेल, क्वान्सिमाच्या गुडघ्याशी, पूर्वीसारखा. तो कडक टाचांनी चालत बाहेर गेला.

त्याला मत मिळाले नाही. चौकशी नेमली गेली. त्या वर्षी जानेवारीत अंगणात जबाबाची सभा झाली आणि नव्या अध्यक्षांना, त्या तिसऱ्याच एका देशातल्या वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, तीन तास उन्हात उभे राहावे लागले. ती सभा आता कोणालाही पुढे ढकलता येत नाही. प्रत्येक साक्षीच्या दोन प्रती होतात, एक साक्षीदार घरी नेतो. टाइप करायचे की नाही, हे अध्यक्ष ठरवत नाही. हे सगळे चांगले झाले. अराबा म्हणते, हे तुझ्यामुळे. मला ते पटत नाही.

कारण बिरिवाचे प्रकरण पुन्हा चालले तेव्हा बायकांनी पुन्हा साक्षी दिल्या. नावे पुन्हा सांगितली गेली. आयोगाने एवढा जोर लावला की पलीकडच्या देशाने चार माणसे एका दूरच्या कोठडीतून सोडली. त्यांत क्वान्सिमाचा धाकटा होता. थोरला नव्हता. सहा जणांचे काय झाले हे कोणी सांगितले नाही, एकाची कबर सापडली. आणि हुकूम देणारा तो अधिकारी सुटला. ट्रकचा क्रमांक बायकांना आठवत नव्हता. अधिकाऱ्याचे नाव त्यांनी त्या सकाळी ऐकलेले नव्हते, आणि ओटूने साक्षीत सांगितलेले कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. तिथे ते ऐकलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्या पोटात होता, आणि मी त्याला पुसला होता.

चौकशीसाठी एबोला जबाब द्यावा लागला. तो मंगळवारी आला. पावलांत पुन्हा सपाता होत्या. नवी यंत्रे होती, तरी अराबाने मुद्दाम मला काढले. त्याने मला ओळखले असणार. त्याच्या सपाता टेबलाशी येऊन थबकल्या. अराबाने तारेचा माइक लावला, नीट पाहिला आणि बटण दाबले. त्याने नाव सांगितले, वय सांगितले. मग बराच वेळ गप्प बसला. अराबाने बटण बंद केले नाही.

शेवटी तो हळूच म्हणाला, "हे नीट ठेवाल ना?"

"सगळ्यांचं ठेवतो, साहेब," अराबा म्हणाली. "बोला."

तो बोलला. मी त्याचा शब्द न् शब्द टिपला, एकही न गाळता. मनात राग होता. अजून आहे. पण ऐकताना मी त्यात भेद करत नाही. तसे शिकवणारा तोच होता, आणि त्याच गोष्टीने मला सर्वांत जास्त दुखते.

तुम्ही शाळेतून मला बघायला येता, माझी बटणे दाबून पाहता, दाबा. बाई तुम्हाला सांगतात की जुन्या वस्तू जपाव्यात. जपा, पण माझे एक ऐका, मित्रांनो. ज्याला तुम्ही मोठे कराल, वर्गात, गावात, देशात, त्याच्यावर प्रेम जरूर करा; पण त्याला विचारायचे थांबवू नका. तो धूळ आहे म्हणाला तर धुळीत उभे राहून विचारा. तो नाजूक प्रकरण आहे म्हणाला तर दोनदा विचारा. आम्ही विचारले नाही, मी आणि अराबाने. आम्हाला वाटले, आपला माणूस आहे. एवढ्या वाटण्यापायी एका म्हाताऱ्याने जपून ठेवायला दिलेले त्या अधिकाऱ्याचे नाव आणि तो क्रमांक गेला, आणि मला कितीही मागे केले तरी तो आता ऐकू येत नाही.